तांबडी भाकरी

आमच्या घरी रात्रीचे जेवण कंदिलाच्या उजेडात होत असे. गावात वीज आली होती, पण आमच्या घरापर्यंत ती अद्याप पोचली नव्हती. स्वयंपाकघरात भिंतीशी पाच पाट मांडलेले असत. चुलीजवळचा पाट आजीचा, दारासमोरचा अण्णांचा, मधले दोन माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे. पाचवा पाट आईचा. पण त्यावर आई बसलेली मी फारशी पाहिली नाही. कंदिलाच्या त्या मंद उजेडातही ताटातली शाळूची भाकरी पांढरीशुभ्र दिसे. भाकरीला रंग असतो, ही गोष्ट वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती. आपल्या विहिरीच्या पाण्याला चव असते हे परगावचे पाणी प्याल्यावाचून कळत नाही, तसेच ते होते. १९७२ साली आमच्या ताटात तांबडी भाकरी आली, तेव्हा मला पांढरीचा रंग कळला.

आमचे गाव मंगळवेढे. सोलापूर जिल्ह्यातील हा भाग ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. येथली जमीन काळी, खोल आणि चिकट. पावसाळ्याच्या अखेरीस ती पोटभर पाणी पिऊन बसते. मग थंडीत आभाळातून एक थेंब पडला नाही, तरी त्या ओलीवर शाळूचे पीक उभे राहते. दामाजीपंतांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ते याच गावचे. बिदरच्या बादशहाचे धान्य त्यांच्या ताब्यात होते. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ती कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली, आणि विठ्ठलाने स्वतः बिदरला जाऊन त्या धान्याची रक्कम चुकती केली, अशी कथा आहे. आमच्या शाळेत ही गोष्ट दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी मला त्या कोठाराच्या दाराची कडी काढल्याचा आवाज ऐकू येई.

आमच्या घरचे कोठार म्हणजे माजघरातली एक कणगी. ती बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणामातीने लिंपलेली होती. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. थोडी जमीन होती, ती वाट्याने लावलेली असे, आणि त्या वाट्याची ज्वारी कणगीत येऊन पडे. आजी रोज निजण्यापूर्वी कणगीवर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवून पाही. ती म्हणे, ‘‘भरलेली कणगी मुकी असते, रिकामी झाली की बोलायला लागते.’’ १९७० साली पाऊस कमी झाला. १९७१ सालीही तेच झाले. १९७२ च्या पावसाळ्यात मृग कोरडा गेला. निदान उत्तरा आणि हस्ताचा पाऊस तरी येईल म्हणून सारा गाव आभाळाकडे पाहत राहिला, आणि तीही नक्षत्रे ढग दाखवून निघून गेली. शाळूची पेरणी झाली नाही. त्या दिवसांत आमची कणगी चांगलीच बोलू लागली होती. मी तिच्या पोटात वाकून ‘‘ओ’’ दिली, तर ती मला परत ‘‘ओ’’ देत असे. मला ती मोठी गंमत वाटे. आजीने एकदा मला तसे करताना पाहिले आणि माझा हात धरून बाजूला केले. ती रागावली नाही. तेवढ्यानेच मी समजले.

पुढे म्हातारी माणसे सांगत, की त्या वर्षी विहिरीच्या तळाशी थोडेफार पाणी होते, पण कणगीच्या तळाशी दाणा नव्हता. आता सारे गाव रेशनच्या दुकानावर अवलंबून राहिले.

दुकानातून धान्य आणण्याचे काम माझ्याकडे होते. शिधापत्रिका हा शब्द फक्त अण्णा वापरीत. आम्ही सगळे ‘कार्ड’ म्हणत असू. त्या कार्डावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि त्याचे युनिट लिहिलेले असे. जितकी युनिटे तितके धान्य. दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीपासून रांग लागे. मात्र रांगेत माणसे थोडी आणि पिशव्या फार. कोणी पिशवी ठेवून जाई, कोणी दगड ठेवी, कोणी फुटकी चप्पल. ‘‘हा दगड माझा,’’ असे सांगून एखादी बाई घरचे काम उरकून येई, आणि तोवर त्या दगडाला कोणी हलवीत नसे. मोठी माणसे दगडाला इतका मान देतात आणि अकरा वर्षांच्या मुलीला मात्र कोपराने मागे सारतात, याचे मला फार वाईट वाटे. एकदा मी पहाटे लावलेला नंबर दुकान उघडेपर्यंत चार माणसांनी मागे गेला होता. त्यानंतर मी स्वतः उभी न राहता एक चांगला वजनदार दगडच ठेवू लागले.

दुकानदार चष्म्यावरून एकदा कार्डाकडे आणि एकदा माझ्याकडे पाही. मग तराजूच्या एका पारड्यात वजने पडत आणि दुसऱ्यात धान्य. काटा स्थिर होण्यापूर्वीच पारडे माझ्या पिशवीत रिकामे होई. मी घरी येऊन तसे सांगितले, तर अण्णा म्हणाले, ‘‘काटा थांबेपर्यंत पिशवी पुढे करायची नाही.’’ हा उपाय मी पुढच्या खेपेस करून पाहिला, आणि तो चालला. मात्र अनेकदा तराजूपर्यंत जाण्याची वेळच येत नसे. दुकानाच्या दारावर पाटी लटके: ‘आज माल नाही’. त्या पाटीवरची अक्षरे फार वळणदार होती. कोणी एवढे जीव ओतून ती का लिहिली असतील, याचे मला नवल वाटे.

त्या दुकानात गव्हाबरोबर जे धान्य मिळे, त्याचे नाव मिलो. ही अमेरिकेतून आलेली ज्वारीच. पण दाणा बारीक, टणक आणि तांबूस. जहाजातून उतरून, आगगाडीने आणि मोटारीने प्रवास करून ती मंगळवेढ्यात येई. ज्वारीच्या कोठारात सातासमुद्रांपलीकडून ज्वारी यावी, हे गावातल्या शेतकऱ्यांना फार लागले. कोणी ती हातात घेऊन फुंकर मारी, दाताखाली दाणा फोडून पाही, आणि काही न बोलता पिशवीत टाकी.

आईची खरी परीक्षा त्या पिठाने घेतली. शाळूचे पीठ परातीत घेतले की ते हाताचे ऐके. मिलोच्या पिठाला चिकटपणाच नव्हता. भाकरी थापू लागले की कडा फाटत आणि उचलून तव्यावर टाकायला जावे तो ती मधोमध दुभंगे. पहिल्या दिवशी आमच्या ताटात भाकरी आलीच नाही, तुकडे आले. दुसऱ्या दिवशी आईने उकळत्या पाण्याने पीठ भिजवले. तिसऱ्या दिवशी त्यात मूठभर गव्हाचे पीठ घातले. आठवडाभराने ती सबंध भाकरी करू लागली. ती गरम असेपर्यंत ठीक लागे. गार झाली की खापरासारखी होई. बरोबर हुलग्याचे कढण नाहीतर पातळ आमटी असे. शेंगदाण्याची चटणी तर दिसेनाशी झाली होती. चहात साखरेऐवजी गूळ पडू लागला, आणि मग चहाच बंद झाला.

अण्णांनी आम्हांला सांगितले, की अमेरिकेत हे धान्य मुख्यत्वे जनावरांना घालतात. ते ऐकून धाकट्याने हातातला घास खाली ठेवला. आजी मात्र शांतपणे चावीत राहिली. दातांचे तिचे काम केव्हाच संपले होते; ती भाकरी कढणात भिजवून खाई. ती म्हणाली, ‘‘मग तिकडची गुरे शहाणी असतील. ताटावर बसून तक्रार करीत नसतील.’’ धाकट्याने घास उचलला.

आजीचा जन्म १८९९ सालच्या दुष्काळातला. दुष्काळाची तिला जणू जन्मापासून ओळख होती. चिंचोके भाजून, भिजवून, त्यांची साले काढून दळतात. शेवग्याचा आणि हादग्याचा पाला खाता येतो. घोळीची भाजी तेलाच्या थेंबावरही होते, हे सारे तिने आईला शिकवले. जेवताना आम्ही कुरकुर केली, की ती आपल्या आईकडून ऐकलेले सांगे. मात्र सगळे सांगत नसे. मध्येच थांबे आणि म्हणे, ‘‘पुढचे ऐकायचे नाही. जेवा.’’

आमच्या घरी आणखी एक जुनी गोष्ट चालत आली होती. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले आणि त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एकदा, सोमवारी रात्री, जेवण सोडण्याची विनंती केली होती. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले. पण अण्णांनी सोमवार सोडला नाही. आजीला हा सोमवार मुळीच पटत नसे. ती म्हणे, ‘‘शंकराचा सोमवार दिवसभर धरून रात्री सोडायचा असतो. तुझा सोमवार दिवसभर जेवून रात्री धरायचा! हे कुठले देवाधर्माचे?’’ अण्णा हसत आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर जात.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी अण्णा एका मुलाला बरोबर घेऊन आले. तो त्यांच्या सातवीच्या वर्गातला. त्याचे आईवडील जवळच्या खेड्यातले शेतकरी; पीक नाही म्हणून पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेले होते. मुलगा हुशार होता. तोही शाळा सोडून कामावर निघाला होता. ‘‘परीक्षा होईपर्यंत रात्री आमच्याकडे जेव,’’ असे सांगून अण्णांनी त्याला थांबवून घेतले. दुपारी तो आपल्या एका आप्ताकडे काहीतरी खाई आणि रात्री शाळेच्या पडवीत अभ्यास करून तेथेच निजे. आजीने त्याला पाहताच सांगितले, ‘‘पाहुणा आला. पान वाढा.’’ तेव्हापासून आमच्या घरी त्याचे नाव ‘पाहुणा’च पडले. सहावा पाट आमच्याकडे नव्हता. तो पोत्याच्या तरटावर बसे.

मार्गशीर्षात आजी गेली. ती आजारी अशी पडली नाही. दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठली नाही. त्या रात्री कणगीवर वाजवायला कोणी नव्हते. दिवस झाल्यावर पहिल्या रात्री पाने मांडली तेव्हा आईने पाहुण्याला आजीच्या पाटावर बसवले. मला ते अजिबात आवडले नाही. पाट रिकामा राहिला असता तर आजी बाहेर गेली आहे असे तरी वाटले असते. मी पाहुण्याशी बोलणे टाकले.

जानेवारीत मी कार्ड घेऊन निघाले होते, तोच अण्णांनी ते माझ्या हातातून घेतले. कार्डावर आजीचे नाव होते आणि त्याचे धान्य आम्ही घरी आणत होतो. अण्णा आईला म्हणाले, ‘‘आईचे नाव कमी करून आणतो.’’

आई चुलीपुढे होती. तिने मागे न पाहताच म्हटले, ‘‘अहो, पाऊस पडेपर्यंत राहू दे की. आपण ते विकत नाही. त्यांच्या घासावर एक पोर जेवते.’’

‘‘आई गेली हे खरे. कार्डावर ती जेवते हे खोटे.’’

‘‘मग पाहुण्याचे नाव घालून आणा.’’

‘‘त्याचे नाव त्याच्या घरच्या कार्डावर आहे. एका माणसाची दोन नावे कशी होतील?’’

आई पुढे काही बोलली नाही. अण्णा मला बरोबर घेऊन कचेरीत गेले. तेथे मोठी गर्दी होती. कारकुनाने अण्णांचा अर्ज वाचला आणि मान वर करून विचारले, ‘‘गुरुजी, नाव घालायचे आहे ना?’’ अण्णा म्हणाले, ‘‘नाही, काढायचे आहे.’’ कारकुनाने अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्याने तांबड्या शाईने आजीच्या नावावर एक सरळ रेघ ओढली, बाजूला सही केली आणि शिक्का मारला. रेघेखालून नाव स्पष्ट वाचता येत होते. अण्णा परत येताना ताठ चालत होते. मीही तशीच चालले. आपल्या घरात खोटे काही नाही, असे मला त्या दिवशी फार वाटले.

ह्याच सुमारास मुंबईहून मावशीची पत्रे येत. मुंबईत तेल आणि साखर यांसाठी मोठ्या रांगा होत्या, आणि भाव रोज वर चढत होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी स्त्रियांच्या पुढाराखाली तेथल्या गृहिणी हातात लाटणी घेऊन मोर्चे काढीत आणि थाळ्या वाजवून सरकारला जागे करीत. मावशीने लिहिले होते, ‘आमच्या चाळीतल्या बायकांनी इतक्या जोरात थाळ्या वाजवल्या, की माझ्या थाळीला पोचा आला.’ आईने ते पत्र दोनदा वाचून घेतले. मग ती आपल्या पोचे नसलेल्या परातीकडे पाहून हसली. त्या महिन्यात ती हसल्याचे मला तेवढेच आठवते.

आता भाकऱ्या कमी झाल्या होत्या. पूर्वी रात्री चौदा होत; आता अकरा होऊ लागल्या. हे मला ठाऊक होते, कारण दुरडीत भाकरी ठेवण्याचे काम माझे होते. एका रात्री मला भूक फार होती. दोन भाकऱ्या खाऊन झाल्या होत्या. दुरडीत दोन उरल्या होत्या. त्यांतली एक आईने पाहुण्याच्या ताटात टाकली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले, ‘‘ही याची तिसरी!’’

कोणी काही बोलले नाही. अण्णा त्या वेळी घरात नव्हते. तो सोमवार होता, ते ओसरीवर बसले होते. पाहुण्याने ती भाकरी खाली मान घालून संपवली. ताटात टाकलेले टाकून उठू नये, हे त्यालाही कोणीतरी शिकवले होते. हात धुऊन तो गेला. दुसऱ्या रात्री तो आला नाही. तिसऱ्या रात्रीही आला नाही. शाळेच्या पडवीतली त्याची वळकटीही नाहीशी झाली होती.

आईने मला रागे भरले नाही. तसे झाले असते तर बरे झाले असते. अण्णांना तिने काय सांगितले कोण जाणे. रविवारी सकाळी ते मला म्हणाले, ‘‘चल, तलावाच्या कामावर जाऊन येऊ.’’

ते काम गावापासून दोन कोसांवर होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते उघडी पडली होती. जमिनीला हात जाईल अशा भेगा गेल्या होत्या. निम्म्या वाटेवर एक बाभूळ होती, तिच्याखाली आम्ही टेकलो. अण्णांनी वाटेत मला एक शब्दही विचारला नव्हता. मी आपण होऊन सांगितले, ‘‘मी त्याच्या भाकऱ्या मोजल्या.’’

अण्णा म्हणाले, ‘‘मला नको. त्याला सांग.’’

मुलांनो, दुष्काळी काम म्हणजे काय, हे मी तोवर पाहिले नव्हते. एका ओढ्यावर मातीचा प्रचंड बांध घातला जात होता आणि त्यावर माणसांच्या रांगाच रांगा चढत-उतरत होत्या. पुरुष टिकावाने खणीत होते, बायका पाट्या वाहत होत्या. ज्यांच्या कणग्या आजवर मुक्या होत्या असे मोठे शेतकरीही त्यांत होते. दूरवर खडी फोडल्याचा टक् टक् असा आवाज अखंड चालला होता. त्या वर्षी महाराष्ट्रभर अशी कामे निघाली होती. कोठे रस्ते, कोठे नाल्याचे बांध, कोठे तलाव. मे १९७३ मध्ये त्यांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. मागेल त्याला काम देण्याची जी योजना वि. स. पागे यांनी मांडली होती, तिचे महत्त्व ह्या दुष्काळात साऱ्यांना पटले. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून लागू झाला. पण त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हते. मला फक्त धूळ दिसत होती, आणि त्या धुळीत सगळे चेहरे एकाच रंगाचे झाले होते.

पाहुणा आपल्या आईच्या मागून मातीची पाटी घेऊन जात होता. आम्हांला पाहून त्याने पाटी उतरली आणि अण्णांना नमस्कार केला. दुपारची सुट्टी झाली. कामावरच्या लोकांना तेथे सुकडी वाटीत. सुकडी म्हणजे गोडसर, भरड असे पौष्टिक खाणे. त्याने आपल्या वाट्याची सुकडी एका कागदावर घेतली, तिचे दोन भाग केले आणि एक माझ्यापुढे धरला. मला तो घेववेना.

मी म्हणाले, ‘‘आईने तुला बोलावले आहे.’’

अण्णा मागे उभे होते. ते हलकेच खाकरले.

मग मी म्हणाले, ‘‘मी मोजल्या होत्या. आता पुन्हा मोजणार नाही.’’

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘मोजल्या तर काय झालं? मीबी मोजत होतो.’’

‘‘तू कशाला?’’

‘‘अकरा भाकरी असतात. गुरुजींच्या तीन, तुम्हां दोघांच्या दोन-दोन. मी तीन खाल्ल्या की काकूंना एक राहते. कवा तीबी त्या तुझ्या भावाला अर्धी देतात. म्हणून मी येत नाही. तू बोललीस म्हणून नाही.’’

मी अकरातून दहा वजा करून पाहिले. एवढा सोपा हिशेब, पण रोज दुरडी भरणाऱ्या मला तो सुचला नव्हता. मी मागे वळून अण्णांकडे पाहिले. ते बांधाकडे तोंड करून उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ऊन फार होते.

पाहुण्याच्या आईशी त्यांचे बराच वेळ बोलणे झाले. शेवटी ती माउली म्हणाली, ‘‘परीक्षा होईस्तोवर न्या त्याला. आम्ही आठवड्याला शेरभर धान्य लावून देऊ. नाही म्हणू नका, गुरुजी. तसं न्यायचं असेल तर न्या.’’ अण्णांनी ते मान्य केले. परत येताना आम्ही तिघे होतो. वाटेत त्या बाभळीखाली आम्ही पुन्हा टेकलो आणि तिघांनी मिळून ती अर्धी सुकडी खाल्ली. ती मला इतकी गोड लागली, की तेव्हापासून सुकडीचे नाव काढले की लोक तोंड वाकडे करतात आणि मी गप्प बसते.

त्या रात्री पाने मांडली. अण्णा आपल्या पाटावर बसले, पण त्यांनी जेवायला आरंभ केला नाही. आईने विचारले, ‘‘काय हवे?’’

‘‘तुम्ही बसा,’’ अण्णा म्हणाले.

‘‘वाढायचे कोणी?’’

‘‘दुरडी मध्ये ठेवा.’’

आई आधी बसेना. मग कंदील थोडा सरकवून ती पाचव्या पाटावर बसली. तिला तेथे कसे बसावे ते कळत नसावे, अशी ती अवघडून बसली होती. त्या दिवसापासून अण्णांनी सोमवाराच्या जोडीला गुरुवारही धरला. आईने ते ऐकून भाकऱ्या थोड्या लहान केल्या आणि अकराच्या तेरा केल्या. पीठ तेवढेच. हा कोणाच्या बाजूचा हिशेब होता, ते मला आजही सांगता येणार नाही. कार्डावरचे नाव काढले याबद्दल अण्णा चुकले असे आई कधी म्हणाली नाही, आणि बरोबर वागले असेही म्हणाली नाही.

पाहुणा परीक्षेत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला आणि आपल्या आईवडिलांकडे गेला. १९७३ चा पावसाळा चांगला झाला. हस्ताचा पाऊस तर असा कोसळला, की आमच्या घराचे पावसाळी छप्पर तीन ठिकाणी गळू लागले, आणि आई गळतीखाली आनंदाने भांडी ठेवीत फिरली. रेशनच्या दुकानात मिलो आणखी काही दिवस मिळत राहिली. पण शेतांत शाळू गुडघ्याला लागला होता.

१९७४ च्या जानेवारीत एका संध्याकाळी दारात कोणीतरी उभे राहिले. पाहुणाच होता. वर्षभरात तो हातभर उंच झाला होता. त्याच्या खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेली हुरड्याची कणसे होती. अण्णांनी अंगणात गोवऱ्यांची आगटी पेटवली. कणसे भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून आम्ही हुरडा खाल्ला. बोटे भाजली, ओठ काळे झाले, धाकट्याने तर आगटीभोवती तीन फेऱ्या मारल्या. आईने पहिली ओंजळ देवापुढे ठेवली आणि मग ती माजघरात जाऊन आली. ती कणगीवर दोनदा वाजवून आली होती, हे मी बाहेरून ऐकले.

रात्री ती परात घेऊन चुलीपुढे बसली. आदल्या दिवशीच नव्या मळणीतली पहिली पायली आमच्याकडे आली होती असे नव्हे; शाळू अजून शेतात होता. पण शेजाऱ्यांनी जुन्या पेवातले थोडे राखलेले दाणे उसने दिले होते, आणि पीठ पांढरे होते.

‘‘तुला किती भाकऱ्या टाकू रे?’’ आईने विचारले.

उत्तर देण्यापूर्वी त्याने वाकून परातीकडे पाहिले. परात भरलेली होती.

‘‘तीन,’’ तो म्हणाला.